धी गाळा, धा-ना ठेवा: कोल्हापुरात बसून ब्लूज गिटार शिकताना

दादरा वाजवता येत नसला तरी कानावर असतोच. धा धी ना, धा तू ना. मांडीवर बोटांनी धरून बघा. लय बसली की मधले धी आणि तू गाळा, पण त्यांची जागा रिकामी ठेवा. ना पुढं सरकू देऊ नका. धा ऽ ना, धा ऽ ना. लंगडत चालल्यासारखी ही जी चाल येते, तिलाच ब्लूजवाले शफल म्हणतात. गिटार अजून पिशवीतच आहे आणि अवघड काम सुरूही झालं.

मला हे कळायला चार वर्षं लागली, कारण मी शेपटाकडून सुरुवात केली होती. मोबाईलवर बघून सोलो पाठ करायचा, तार ताणायची, डोळे मिटायचे. बोटं पळायची, ऐकणाऱ्याला काही वाटायचं नाही. आता संध्याकाळी मंगळवार पेठेत माझ्याकडं दोन-तीन पोरं शिकायला येतात. पहिला महिनाभर मी त्यांना सोलोचं नाव काढू देत नाही. एक जण त्यापायीच सोडून गेला. असो. खालचा क्रम त्यांच्यावर तपासून घेतलेला आहे: आधी उजवा हात, मग बारा बार, मग पाच स्वर, मग मींड, म्हणजे तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणं.

हे संगीत आलं कुठनं, ते दोन मिनिटांत सांगतो, कारण वाजवताना त्याचा उपयोग होतो. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या डेल्टा भागात, कापसाच्या रानात राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांतून ते आलं. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली, पण जमीन मालकाचीच राहिली आणि वाट्यानं कसणारा कर्जात अडकला. रानात एकानं हाळी द्यायची आणि दुसऱ्यांनी ओ द्यायची, ही तिथल्या गाण्याची जुनी रीत. आपल्याकडं भलरी अशीच चालते. दोन्हीकडची दुःखं वेगळी, ती एकात मिसळू नयेत. पण कामाच्या लयीवर एक ओळ टाकायची आणि तिला ओ येण्याची वाट बघायची, हे आपल्या कानाला नवं नाही. ब्लूजच्या कडव्यात पहिली ओळ येते, तीच पुन्हा येते, आणि तिसरी ओळ त्या दोघींना उत्तर देते. प्रत्येक ओळीला चार बार, म्हणजे तालाचे चार खण, मिळतात. गाणारा साधारण निम्मी जागा वापरतो, उरलेल्या जागेत गिटार बोलते. ही उरलेली जागा हेच तुमचं काम.

गिटार

घरात आहे ती चालेल. डेल्टा ब्लूजचा गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन याची १९३६ आणि १९३७ मधली सगळी ध्वनिमुद्रणं, २९ गाणी, अकूस्टिकवर, म्हणजे विजेशिवाय वाजणाऱ्या पोकळ गिटारवर, आहेत. फक्त एक अडचण ध्यानात घ्या. तारा सगळ्यात बारीक तारेपासून मोजतात, सगळ्यात जाड ती सहावी. अकूस्टिकच्या नेहमीच्या संचात तिसरी तार गुंडाळलेली असते आणि ब्लूजमध्ये सगळ्यात जास्त ताणायची तार नेमकी तीच. म्हणून अकूस्टिकला ०.०१० किंवा ०.०११ चा (हा आकडा म्हणजे पहिल्या तारेची इंचातली जाडी) हलका संच घाला. इलेक्ट्रिक असेल तर ०.००९ किंवा ०.०१०, तिथं तिसरी तार साधी असते आणि काम निम्म्यानं सोपं होतं. नायलॉनच्या तारांवर ठेका जमेल, मींड जमणार नाही.

तारा फळीपासून किती उंच आहेत तेही बघा. अकूस्टिकवर बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे फळीवरची धातूची आडवी पट्टी) सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास जागा ठीक. चार मिलिमीटर असेल तर बोटांचा दोष नाही, गिटार दुरुस्तीला न्या. मी माझी जुनी गिटार मिरजेला एका सतारीच्या कारागिराकडं नेली होती. त्यानं फ्रेट घासून दिले आणि हसत म्हणाला, "आमच्याकडं पडदा उंच आणि रुंद असतो, तार खेचायला अंगण असतंय. तुमची म्हणजे चाळीतली खोली." ते खरं आहे. सतारीवर एकाच पडद्यावरून तार ओढून चार-पाच स्वर काढता येतात. गिटारीवर एक स्वर, फार तर दीड. तेवढ्यातच सगळं मांडायचं.

पावसाळ्याचं इथंच सांगून टाकतो. कोल्हापूरचा जुलै लाकडाला सोसत नाही. ओल आलेल्या भिंतीला गिटार टेकवू नका, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, वाजवून झाल्यावर तारा सुती कापडानं पुसा. एवढं केलं की तारा चतुर्थीपर्यंत टिकतात.

पहिला महिना: उजवा हात

पाचवी तार मोकळी. चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला पहिलं बोट, म्हणजे तर्जनी. या दोनच तारा वाजवायच्या, बाकीच्या नाहीत. दादऱ्याचा पहिला अर्धा, म्हणजे धा ऽ ना, असा वाजवा. दुसऱ्या अर्ध्याला त्याच चौथ्या तारेवर चौथ्या फ्रेटला तिसरं बोट टेकवा, पुन्हा धा ऽ ना. पहिलं बोट उचलायचं नाही. दुसरा फ्रेट, चौथा फ्रेट, दुसरा, चौथा: हा एक बार झाला. म्हणजे एका बारमध्ये दादऱ्याची दोन आवर्तनं बसतात.

सगळे आघात खालच्या दिशेनं. वर-खाली करण्याचा मोह होतो, कारण हात दमत नाही. पण मग धा आणि ना यांचं वजन हरवतं. उजव्या तळहाताची कड ब्रिजवर, तार जिथून निघते तिथं, हलकेच टेकवा. आवाज "टंग" ऐवजी "ठुप" यायला हवा. फार पुढं टेकवलात तर नुसता लाकडावर ठोकल्यासारखा येईल. ही जागा दोन-तीन मिलिमीटरची असते, ती ज्याची त्यालाच शोधावी लागते.

मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर लावा. त्याचा प्रत्येक ठोका म्हणजे एक धा. रोज वीस मिनिटं. आठवड्यानं मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. बहुतेकांचा एकच रोग सापडतो: ना हळूहळू मध्ये सरकतो, दोन आघात सारख्या अंतरावर येतात आणि दादऱ्याचा केरवा होतो. औषध एकच आहे, तोंडानं बोल म्हणत वाजवणं. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. घरचे हसतील. माझी पुतणी अजून मला "धा-ना काका" म्हणते.

ही झाली ए ची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट. ए बसला की डी: चौथी तार मोकळी, तिसऱ्या तारेवर तेच दोन फ्रेट. मग ई: सहावी तार मोकळी, पाचव्या तारेवर तेच दोन फ्रेट. आकार एकच, फक्त तारांची जोडी बदलते. महिनाभर एवढंच केलंत आणि लय ९० वर नेलीत, तर तुम्ही कुणाच्याही मागं ब्लूज वाजवू शकता. अतिशयोक्ती करत नाही.

बारा बार

बार म्हणजे आवर्तनातला एक खण. बारा खणांचं एक आवर्तन, चार-चारच्या तीन ओळींत:

ए – ए – ए – ए
डी – डी – ए – ए
ई – डी – ए – ई

दुसऱ्या बारलाच एकदा डी वर जाऊन परत येण्याची पद्धतही आहे. ती नंतर घ्या. मोजताना प्रत्येक बारचा पहिला अंक त्या बारच्या क्रमांकाचा ठेवा: एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार, असं बारापर्यंत. म्हणजे कुठं आहोत ते तोंडातच राहतं.

मी हे मोजणं बालिश समजून टाळलं होतं. मग एका गणेशोत्सवात एका ऑर्केस्ट्रात मधल्या वेळेला मला दोन फेऱ्या ब्लूज वाजवायला मिळालं. मंडळाचं नाव सांगत नाही, चूक माझीच होती. दुसऱ्या फेरीत एका जागी मला स्वतःचंच इतकं आवडलं की मी तिथंच घोळत राहिलो. कीबोर्डवाला ई वर गेला, मी ए धरून बसलो. तो डी वर आला तेव्हा मी ई ला पोचलो. बासवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मग कीबोर्डवाल्याकडं बघितलं, आणि वाजवायचंच थांबवलं. समोरच्या रांगेतला एक आजोबा शेजारच्याला म्हणाला, "ह्यो हरवला बघ." त्याला ब्लूज माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. पण हे अल्लादिया खाँसाहेबांचं गाव. समेवर न आलेला माणूस इथं कुणालाही ओळखू येतो.

मोजणं बसलं की पूर्ण कॉर्ड घ्या. तिन्ही सातवाल्या. ए सेव्हनला चौथ्या आणि दुसऱ्या तारेवर दुसरा फ्रेट, बाकी मोकळ्या, सहावी तार सोडून. डी सेव्हनला तिसरी तार दुसऱ्या, दुसरी तार पहिल्या आणि पहिली तार दुसऱ्या फ्रेटवर, चौथीपासून वाजवायचं. ई सेव्हनला पाचवी तार दुसऱ्या आणि तिसरी तार पहिल्या फ्रेटवर, सहाही तारा. एरवीच्या गाण्यांत सातवाली कॉर्ड म्हणजे पुढं कुठं तरी जायचंय अशी खूण असते. ब्लूजमध्ये घरची कॉर्डच सातवाली. त्यामुळं घरी पोचूनही चपला काढल्यासारखं वाटत नाही. या संगीताची तगमग मला तरी तिथंच ऐकू येते.

शेवटच्या दोन बारमध्ये आवर्तन उलटवून पुन्हा पहिल्यावर आणणारा एक तुकडा वाजवतात, त्याला टर्नअराउंड म्हणतात. तबलजी तिहाई घेऊन सम दाखवतो, साधारण तेच काम. एक सोपा देतो. अकराव्या बारच्या पहिल्या ठोक्याला पाचवी तार मोकळी. मग पहिलं बोट तिसऱ्या आणि चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला आडवं टेकवून ठेवा. आता चौथ्या तारेवर दुसऱ्या ठोक्याला पाचवा फ्रेट करंगळीनं, तिसऱ्याला चौथा, चौथ्याला तिसरा, आणि बाराव्या बारच्या पहिल्या ठोक्याला दुसरा. प्रत्येक स्वरानंतर तिसरी तार छेडत राहा. मग ई सेव्हन, आणि परत पहिला बार. गाऊन बघा, ए ला सा मानून तो उतार असा आहे: कोमल नि, शुद्ध ध, कोमल ध, प. वर सा तसाच वाजत राहतो. हा उतार एकदा कानात बसला की मग तो सगळीकडं ऐकू यायला लागतो.

पाच स्वर, आणि दोन गंधारांचं भांडण

ए म्हणजे पेटीवरची पांढरी सहा. तिलाच सा धरू. पाचव्या फ्रेटवर पहिलं बोट ठेवून हा नकाशा लिहून घ्या:

सहावी तार: पाचवा फ्रेट सा, आठवा कोमल ग
पाचवी तार: पाचवा म, सातवा प
चौथी तार: पाचवा कोमल नि, सातवा सा
तिसरी तार: पाचवा कोमल ग, सातवा म
दुसरी तार: पाचवा प, आठवा कोमल नि
पहिली तार: पाचवा सा, आठवा कोमल ग

सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानीचे स्वर. यात तीव्र मध्यम मिसळला की ब्लूजचा नेहमीचा सहा स्वरांचा संच तयार होतो. तो मध्यम पाचव्या तारेवर सहाव्या फ्रेटला आणि तिसरीवर आठव्या फ्रेटला आहे. त्याच्यावर मुक्काम करायचा नाही. म कडून प कडं जाताना उंबऱ्याला पाय लागावा तसा तो लागून जातो.

पोरं इथं येऊन थांबतात. नकाशा पाठ झाला, आता वर-खाली पळायचं. पण हे पाच स्वर तिन्ही कॉर्डवर सारखेच वाजवले की ते सपक लागतात. याचं कारण जोग ऐकलेल्या माणसाला पटकन कळतं. जोगात दोन्ही गंधार आहेत, चढताना शुद्ध आणि उतरताना शेवटी कोमल, आणि रागाची सगळी गंमत त्या दोघांच्या ये-जामध्ये आहे. ब्लूजमध्येही दोन्ही गंधार आहेत. फरक एवढा की जोगात तंबोरा एकच सा धरून बसलेला असतो, आणि इथं खालची जमीनच सरकत असते.

कॉर्डमधले स्वर मांडून बघा. ए सेव्हन म्हणजे सा, शुद्ध ग, प, कोमल नि. डी सेव्हन म्हणजे म, शुद्ध ध, सा, आणि कोमल ग. म्हणजे पहिल्या चार बारमध्ये शुद्ध गंधार घरचा आहे आणि पाचव्या बारला जमीन सरकली की कोमल गंधार घरचा होतो. आता हे वाजवा: चौथ्या बारच्या शेवटी तिसऱ्या तारेवर सहावा फ्रेट, पाचव्या बारच्या पहिल्या धा वर त्याच तारेवर पाचवा फ्रेट. दोन स्वर. अर्ध्या स्वराची एक पायरी खाली. मागं कुणी कॉर्ड वाजवत नसेल तरी ऐकणाऱ्याला कॉर्ड बदललेली कळते. मी चार वर्षं पाठ केलेल्या सगळ्या सोलोंपेक्षा या दोन स्वरांनी मला जास्त शिकवलं.

ए सेव्हनवर कोमल ग वाजवायचाच नाही का? वाजवायचा, पण चढा. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला पहिल्या बोटानं स्वर घ्या आणि तार किंचित, केसभर, खालच्या बाजूला ओढा. कोमलच्या वर, शुद्धच्या खाली. पेटीवर ही जागा नाही. गाणाऱ्याच्या गळ्यात आहे, सतारीत आहे आणि गिटारीत आहे.

मींड

इंग्रजीतून शिकलेले याला बेंड म्हणतात. आपल्याकडं शब्द आधीपासून आहे आणि शब्दाबरोबर शिस्तही आहे.

मी वरच्या माडीवर तासन् तास तार ताणत बसायचो. खाली संगीताच्या निवृत्त शिक्षिका राहायच्या. एक दिवस जिन्यात गाठलं त्यांनी. "काय रे, मींड घेतोस की कपडे वाळत घालायची दोरी ओढतोस?"

"का हो बाई?"

"कुठं पोचायचंय तुला? गाऊन दाखव."

मला गाता आलं नाही. "मग तारेला कसं कळणार?" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

त्या प्रश्नातून जी रीत मी तयार केली ती अशी. दुसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट वाजवा: हा प. तो गा. गात असतानाच तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला तिसरं बोट ठेवा: हा म. मधलं आणि पहिलं बोट त्याच तारेवर मागं आधाराला. अंगठा मानेवरून वर येऊ द्या. आता तार वरच्या बाजूला ढकला, पण बोटांनी नाही. किल्ली फिरवताना मनगट फिरतं तसं मनगट फिरवा. बोटं फक्त आकड्यासारखी तारेत अडकलेली. गात असलेल्या प ला तार येऊन मिळाली की थांबा. मग पुन्हा दुसऱ्या तारेवरचा प वाजवून तपासा. कमी पडला असेल तर कळेल, जास्त गेला असेल तर लगेच कळेल.

दिवसाला वीस मींडा पुरेत. पन्नास काढल्यात तर दुसऱ्या दिवशी बोटांच्या टोकांना फोड आणि मनगटाला कळ. दुखायला लागलं की ठेवून द्या, इथं तालमीतला हट्ट चालत नाही.

मींड पोचल्यावर स्वर हलवायचा असतो, त्याला व्हायब्रेटो म्हणतात. तो घाईनं थरथरवू नका. लयीत हलवा, धा-ना च्या मापात. बी. बी. किंगचं एका स्वरावरचं आंदोलन ऐका. १९२५ ते २०१५ असं आयुष्य लाभलेला हा माणूस, कॉर्ड वाजवण्यात मी कच्चा असं स्वतःच सांगायचा; पण त्याचा एक स्वर ऐकला की नाव सांगावं लागत नाही. अल्बर्ट किंगही ऐका. तो डावखुरा, आणि उजव्यांसाठी तारा लावलेली गिटार तशीच उलटी धरायचा. त्यामुळं इतर जण तार वर ढकलतात तिथं तो ती खाली ओढायचा, सतारियासारखी. मींड लांबवर नेण्याचं त्याचं बळ त्यातून आलं असावं असं मला वाटतं. आणि देवल क्लबात गाण्याची एखादी बैठक असेल तर जाऊन बसा. १८८३ पासूनची संस्था आहे, गिटारवाल्यांनी तिथं जाऊ नये असा काही नियम नाही. मींड कुठून निघते आणि कुठं टेकते एवढंच ऐका.

गप्प बसणं

सवाल-जवाब तुम्ही तमाशात, लावणीत ऐकलेत. तसंच करायचं. दोन बार बोला, दोन बार गप्प. गप्प म्हणजे खरोखर गप्प: हात तारांवर, पाय धा वर. सुरुवातीला तीनच स्वर घ्या, सा, कोमल ग आणि वरचा कोमल नि, आणि त्यातच बारा बार काढा. पहिल्या चार बारमध्ये एक वाक्य, दुसऱ्या चारमध्ये तेच वाक्य, शेवटच्या चारमध्ये उत्तर. जे वाजवाल ते आधी गुणगुणा. श्वास संपतो तिथं वाक्य संपतं, हे गाणाऱ्याला कुणी शिकवत नाही. गिटारवाल्याला श्वास लागत नाही, म्हणून तो बोलतच सुटतो.

ऐकण्याबद्दल थोडं. रोज नवं ऐकू नका, एकच ध्वनिमुद्रण आठवडाभर ऐका आणि त्यातल्या गप्प जागा मोजा. जॉन ली हुकर ऐका; कितीतरी वेळ एकाच कॉर्डवर राहून तो नुसत्या पायाच्या ठेक्यावर बांधून ठेवतो. आपल्या देशातलं हवं असेल तर शिलाँगचा सोलमेट हा गट ऐका. मुंबईत २०११ पासून महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला. कोल्हापुरातून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी पोचतो.

उद्यमनगरातलं बुश

स्लाइड म्हणजे बोटात घालायची नळी. ती तारेवरून सरकवली की फ्रेटचं काही चालत नाही, नुसती मींडच मींड. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकारानं लिहून ठेवलंय की मिसिसिपीतल्या टटवाइलर स्टेशनवर, १९०३ च्या सुमारास, एक माणूस गिटारीच्या तारांवर सुरी दाबून वाजवताना त्यानं ऐकला. बाटलीचा गळा कापून बोटात घालायचीही पद्धत होती. विकत मिळते, पण कोल्हापुरात राहून लेथवरची वस्तू विकत आणायची हे मला पटेना.

उद्यमनगरात एका ओळखीच्या मिस्त्रींकडं गेलो. पितळी नळीचा तुकडा दाखवून म्हटलं, लांबी ६० मिलिमीटर, आतला बोअर १८, आतून-बाहेरून एकदम गुळगुळीत, दोन्ही कडा मारून.

"कसलं बुश हाय हे? पंपाचं?"

"गिटारचं."

त्यांनी मशीन बंद केलं. "गिटारला बुश कवापासनं लागाय लागलं?"

करंगळीत घालून, मोबाईलवर ब्लूज गायक मडी वॉटर्स लावून दाखवलं. तो आधी मिसिसिपीत शेतावर ट्रॅक्टर चालवायचा आणि १९४३ मध्ये शिकागोला गेला, हेही सांगितलं. ट्रॅक्टर म्हटल्यावर त्यांनी कान टवकारले. थोडं ऐकून म्हणाले, "आवाज भेकरागत हाय, पण चांगलाय." पॉलिश पेपरनं आतून पुन्हा एकदा फिरवून दिलं आणि चहाचे पैसे तेवढे मला द्यायला लावले.

तुमच्या करंगळीचा घेर मोजून न्या. सैल झाली तर खडखडते, घट्ट झाली तर पावसाळ्यात निघत नाही. वाजवताना तीन गोष्टी. नळी फ्रेटच्या मागं नाही, फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर. तार दाबायची नाही, नुसती टेकवायची. आणि नळीच्या मागची बोटं तारांवर हलकी पसरून ठेवायची, नाहीतर मागची तारही किणकिणते. तारा थोड्या उंच असलेली जुनी गिटार यासाठी उत्तम, म्हणून ती विकू नका. सहावी, पाचवी आणि पहिली तार एक-एक स्वर उतरवा: डी, जी, डी, जी, बी, डी. आता काहीच न धरता छेडलं तरी जी कॉर्ड वाजते, पाचव्या फ्रेटवर आडवी नळी ठेवली की सी (आधीच्या डी च्या जागी) आणि सातव्यावर डी (ई च्या जागी). बारा बार एका नळीत.

दुसऱ्याबरोबर

सहा महिन्यांनी एकट्यानं वाजवणं थांबवा. गावात ड्रमसेटवाला मिळेल न मिळेल, ढोलकी आणि तबलेवाला गल्लीगल्लीत आहे. माझ्याकडं ढोलकी वाजवणारा एक मित्र येतो. त्याला म्हटलं, दादरा लाव, मध्यलयीत. त्यानं लावला, छान बसला, पण ब्लूज होईना. अडचण कुठं होती ते शोधायला आम्हाला दोन रविवार गेले. दादऱ्यात चौथ्या मात्रेला खाली, म्हणजे जड थाप नसलेली मोकळी जागा. बारमध्ये दादऱ्याची दोन आवर्तनं, म्हणजे खाली येते दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला. आणि ब्लूजचा ड्रमर स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) हाणतो ते नेमकं त्याच दोन ठोक्यांवर. आपण जिथं हात उघडतो, तिथं ते लोक थाप मारतात.

त्याला हे सांगितलं. "खालीवर थाप?" तो म्हणाला. "आमच्या गुरुजींनी बघितलं तर ढोलकी काढून घेतील." मग त्यानं दार पुढं केलं, कडी घातली, आणि मारली. मी ए धरला होता. चौथ्या बारपर्यंत आम्ही दोघंही एकमेकांकडं बघत होतो, पाचव्याला मी डी वर गेलो, आणि तो काही न सांगता माझ्याबरोबर आला.